मदत हवी आहे : घरात दम्याचं माणूस, बजी आणू की फिंच?

मंडळी, पक्षी पाळायचा आहे, पण कुठला ते ठरेना. बेळगावात वडगावला दोन खोल्यांत राहतो. शेजारी माग चालतात, त्यामुळे पक्ष्याच्या आवाजाची तक्रार कोणी करणार नाही! दिवसभर घरी फक्त आई. तिला दमा आहे, खरी अडचण तीच.

खानापूरकडचे एक ओळखीचे पोपटाचं पिल्लू आणून देतो म्हणाले. नको म्हटलं, आपले देशी पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. दुकानदाराने कॉकाटील (तुरेवाला परदेशी पोपट) सुचवला. माणसाळतो छान, पण त्याच्या पिसांतून भुकटी झडते. पिंजऱ्याखालच्या काळ्या ट्रेवर बोट फिरवलं, तर पांढरं पीठच लागलं. शिवाय 15-20 वर्षं जगतो. तो बाद.

उरले बजी (छोटे परदेशी पोपट) आणि झेब्रा फिंच (चिमणीसारखे छोटे पक्षी), जे आणू त्याची जोडीच. भुकटी बजीचीही असते, पण कमी. फिंच हातावर येत नाहीत, चालेल. आईला नुसते बघायचेत. डॉक्टर म्हणाले, पिंजरा तिने साफ करायचा नाही. ते काम माझं. नॉनस्टिक भांडं फार तापलं तर त्याच्या धुराने पक्षी मरतात, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नसेल. बाहेर टांगता येत नाही, मांजरं आहेत.

पावसाळ्यात मात्र भिंतींना ओल येते, राळ्याला, म्हणजे या पक्ष्यांच्या दाण्याला, बुरशी लागते.

दम्याचं माणूस घरात असताना यांपैकी काही पाळलंय का कोणी? त्रास वाढला का? आणि आपल्याकडच्या पावसात दाणे नि पिंजरा कोरडा कसा ठेवता?