नॅकची श्रेणी चांगली म्हणजे निकाल चांगला?

देवगडकर: बहिणीला बी.एस्सी.ला घालायचंय. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिच्या श्रेणीत रत्नागिरीचं एक कॉलेज ए, कणकवलीजवळचं बी प्लस प्लस. श्रेणीवरून मुलांच्या अभ्यासाचा अंदाज येतो का?

खाडीपलीकडे: थोडाफारच. या श्रेणी देताना संलग्न (विद्यापीठाला जोडलेल्या) कॉलेजला १००० पैकी ३५० गुण अध्यापन-मूल्यमापनाचे असत. निकाल हा त्यातला एक छोटा तुकडा. बाकी संशोधन, इमारत, कारभार वगैरे. शिवाय ४ पैकी सरासरी गुणांक धरला तर ए म्हणजे ३.०१ ते ३.२५ आणि बी प्लस प्लस २.७६ ते ३.००. दोघांत ०.०१ चाही फरक असू शकतो! श्रेणी कोणत्या वर्षाची तेही बघा, पाच वर्षं जुना कागद असेल.

खरी मेख उत्तीर्णतेच्या टक्क्यात आहे. पास झालेल्यांना भागायचं असतं शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला *बसलेल्यांच्या* संख्येने. समजा पहिल्या वर्षाला १२० घेतले, तिसऱ्याला ७० बसले, ६३ पास. कागदावर ९० टक्के. प्रवेशाच्या हिशेबाने साडेबावन्न.

देवगडकर: हे आकडे मिळणार कुठे?

खाडीपलीकडे: कॉलेजच्या वेबसाइटवर आयक्यूएसीचं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं) पान. तिथे वार्षिक गुणवत्ता अहवाल, म्हणजे एक्यूएआर. तिसऱ्या वर्षाला बसलेल्यांचा आकडा दोन वर्षं आधीच्या प्रथम वर्ष प्रवेशाशी ताडा. शाखेनुसार बघा, एकत्र आकडा फसवतो.

लाल माती: पण गळालेले सगळे नापास धरू नका हां. आपल्याकडची बरीच पोरं मध्येच मुंबईला जातात, बदली प्रवेश घेतात. एटीकेटीत अडकलेले किती, ते ऑफिसात विचारा. आणि प्रयोगशाळेत प्रॅक्टिकलच्या वेळी जाऊन या, एका टेबलाशी किती जण उभे असतात ते दिसेल.