मदत हवी आहे: पांढऱ्यावर लाल-काळे ठिपके असलेला छोटा पतंग, पुल्केला की लोट्रिक्स?

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी मनोरीला गेले होते. तिथे एका माळावर खुळखुळ्याची दाट झुडपं दिसली. गवतात पाय टाकला की बोटाच्या पेराएवढे पांढरे पतंग भुर्रकन उठायचे आणि चार-पाच हातांवर पुन्हा काडीला चिकटायचे. तेही भर दुपारी! बसले की पंख अंगाभोवती असे गुंडाळून घेतात की विडीचं थोटूकच वाटावं. पुढच्या पंखांवर लाल आणि काळे ठिपके, मागचे पंख पांढरे, त्यांना वेडीवाकडी काळी किनार. इतकं देखणं काही मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

शेंगांवर केसाळ सुरवंटही होते. खुळखुळ्यातलं विष हे सुरवंट अंगात साठवतात आणि ते पुढे पतंगातही उरतं, म्हणून पक्षी-कोळी त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत, हे वाचलं होतं. दिवसाढवळ्या एवढे निर्धास्त कसे, ते तेव्हा कळलं.

आता अडचण. मोबाइलवरच्या अ‍ॅपने 'उटेथायसा पुल्केला' सांगितलं, मैत्रीण म्हणते, नाही, ही त्याच्या जवळची दुसरी जात, 'उटेथायसा लोट्रिक्स'. पुल्केलाला स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलं. आफ्रिका, दक्षिण युरोप ते भारत असा त्याचा पसारा, आणि एखाद्या वर्षी उडत थेट इंग्लंडपर्यंत जातो. लोट्रिक्स भारतापासून पूर्वेला ऑस्ट्रेलियापर्यंत. म्हणजे आपल्याकडे दोन्ही, नकाशावरून निकाल लागत नाही. नोंद चुकीच्या नावाने जायला नको आहे. फोटोत नेमकं काय बघायचं?

प्रतिसाद १
ताई, बसलेल्या पतंगाच्या फोटोवरून खात्रीने सांगणं कठीण. ठिपक्यांचा आकार एकाच जातीतही कमी-जास्त होतो. शंका उरली तर जाणकार नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तोवर नोंद नुसती 'उटेथायसा' अशी प्रजातीपर्यंतच (जीनस, म्हणजे नावाचा पहिला भाग) ठेवा, तीही खरीच नोंद असते. मागचे पंख उघडे असतानाचा फोटो मिळाला तर टाका. आणि झुडपाचं पान, फूल, शेंग तिन्हींचे फोटो हवेत. नुसतं खुळखुळा म्हणून भागत नाही, त्याच्या बऱ्याच जाती आहेत.

धागाकर्ती
मनापासून आभार, दादा. नाव बदलून 'उटेथायसा' केलं. शेंगांचा फोटो काढायचा राहिलाच होता, येत्या रविवारी पुन्हा जाते.