इम्पोर्टला ‘आयात’ म्हटले, तर मूळ फाइल राहते की जाते?

पानपिंपळ
आमच्या वाचनालयातली जुनी इतिवृत्ते, देणगीपत्रे आणि हस्तलिखित अंक स्कॅन करण्याचे काम चालू आहे. सगळे पेपरलेस-एनजीएक्स या कागदपत्रे सांभाळणाऱ्या मुक्त प्रणालीत ठेवायचे ठरले आहे. स्कॅन मात्र विखुरलेले आहेत. काही कार्यालयातल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या सामायिक साठवण-यंत्रावर), काही एका कार्यकर्त्याच्या गूगल ड्राइव्हवर, काही पेन ड्राइव्हवर, आणि काही परगावच्या सभासदांनी मेलने पाठवलेले. या सगळ्या ठिकाणांहून फाइली आपोआप आत याव्यात अशी सेटिंग करून झाली आहेत. पुढे हे काम ग्रंथपालबाई आणि काही निवृत्त शिक्षक सांभाळणार, म्हणून त्यांच्यासाठी मराठी मार्गदर्शिका लिहितो आहे.

‘कॉन्फिगर इम्पोर्ट सोर्सेस’ याला मी ‘आयात स्रोत संरचित करा’ असे लिहिले. बाईंनी ते वाचून एवढेच विचारले, की आयात झाल्यावर मूळ फाइल जागेवर राहते का?

या प्रश्नाचे एक उत्तर नाही, हीच अडचण आहे. पेपरलेसच्या ‘कन्झम्प्शन’ फोल्डरात फाइल टाकली की प्रणाली ती वाचते, आपल्या संग्रहात ठेवते आणि त्या फोल्डरातून काढून टाकते. लाइटरूम क्लासिक या फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये इम्पोर्ट करताना कॉपी, मूव्ह, ॲड असे पर्याय असतात. ‘ॲड’ निवडले तर फोटो जागचा हलत नाही, कॅटलॉगमध्ये फक्त त्याचा पत्ता नोंदला जातो. गूगल ड्राइव्हवरून आणण्यासाठी आम्ही आरक्लोन हा फाइली ने-आण करणारा प्रोग्रॅम वापरतो. त्यात ‘कॉपी’, ‘मूव्ह’ आणि ‘सिंक’ या वेगळ्या आज्ञा आहेत, आणि ‘सिंक’ तर मूळ जागी नसलेल्या ज्या फाइली मुक्कामाच्या जागी सापडतील त्या पुसून टाकते. या सगळ्याला सरसकट ‘आयात’ म्हटले तर वाचणाऱ्याने काय समजायचे?

माझ्या ओळखीच्या एका छायाचित्रकाराने असाच ‘इम्पोर्ट पूर्ण’ हा निरोप वाचून बाहेरची हार्ड डिस्क कोरी केली. प्रोग्रॅममध्ये नुसते पत्ते उरले, फोटो गेले ते गेलेच. वाचनालयाच्या इतिवृत्तांचे असे होऊ नये. मूळ फाइलीचे काय होणार हे क्रियापदातच कळेल असे शब्द हवे आहेत. सुचवा.

बारनिशी
शब्द तयार आहे: आवक. माझी सगळी नोकरी जिल्हा कार्यालयात गेली, त्यातली बरीच वर्षे बारनिशीत, म्हणजे टपालाच्या आवक-जावक शाखेत. टपाल आले की आवक नोंदवहीत नोंद, आवक क्रमांक, तारखेचा शिक्का, मग संबंधित टेबलाकडे. तुमची प्रणाली तेच करते आहे. ‘आयात’ म्हटले की डोळ्यापुढे बंदर आणि जकात येते. ‘आवक’ म्हटले की बाहेरचे आत आले, त्याची नोंद झाली. बाजार समितीतसुद्धा कांद्याची आवकच होते, आयात होते ती परदेशातून. ‘आवक ठिकाणे ठरवा’ असे लिहा, निवृत्त शिक्षकांना एका वाचनात कळेल.

देवनागर
आधी एका गोष्टीबद्दल अभिनंदन. ‘स्रोत’ बरोबर लिहिलेत. वर्तमानपत्रांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सगळीकडे ‘स्त्रोत’ दिसते आणि वाईट वाटते. मूळ धातू ‘स्रु’, वाहणे. त्यात ‘त’ कुठून येणार?

आता मुद्दा. ‘आवक’ मराठी नाही, गुजराती आहे. मराठीत आपण ‘येतो’, ‘आवतो’ नाही. ‘आवक-जावक’ ही जोडी व्यापाऱ्यांबरोबर आली. ‘आयात’ मात्र शुद्ध संस्कृत आहे, आ + या, ‘आलेले’. त्यात ना बंदर आहे ना जकात. अर्थशास्त्राने तो शब्द व्यापारापुरता आखडला, तर आपण तो पुन्हा मोकळा करू. तसेच फाइलला ‘धारिका’ आणि कॉन्फिगरला ‘विन्यास’ असे सुचवतो. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच जाणिवेने. शब्द परके झाले की व्यवहारही परका होतो.

वडोदेकर
देवनागरजी, गुजराती शब्द परका कसा? आमच्या पाच पिढ्या बडोद्यात गेल्या. घरी मराठी, दुकानात गुजराती, आणि दोन्हीकडे ‘आवक’. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु प्रसिद्ध केला तो आठ भाषांचा. एकाच इंग्रजी संज्ञेसाठी मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी, बंगाली असे शब्द शेजारी शेजारी. शेजारच्या भाषेतला शब्द आधी पाहायचा, मग नवा घडवायचा, ही राज्य चालवणाऱ्याची रीत होती.

आणि राज्यव्यवहारकोशाबद्दल आदर ठेवूनच सांगतो, त्यानंतरही मराठ्यांच्या दप्तरात फारसी शब्द नांदतच राहिले. पेशवे दप्तरातल्या कागदांच्या गठ्ठ्यांना आजही ‘रुमाल’च म्हणतात. ‘दप्तर’ हा शब्दही फारसीतूनच आला.

मुळाक्षर
‘फाइल’वरून एक सांगायचे आहे. मंत्रालयात फाइलला ‘नस्ती’ म्हणतात, आणि एका नस्तीत अनेक कागद असतात: टिप्पण्या, पत्रव्यवहार, सगळे. म्हणजे कार्यालयातली फाइल ही संगणकावरच्या फोल्डरची भावंड आहे, संगणकावरच्या फाइलीची नव्हे. संगणकावरची एक फाइल म्हणजे नस्तीतला एक कागद. शिवाय ‘नस्तीबद्ध करणे’ याचा अर्थ प्रकरण बंद करणे. निवृत्त अधिकाऱ्याला ‘नस्ती आत घ्या’ असे सांगितले तर तो भलतेच काही समजेल. म्हणून ‘फाइल’ फाइलच राहू द्या, ‘धारिका’ नको. आंतरजालावर काही जण गेली अनेक वर्षे निष्ठेने ‘धारिका’ लिहीत आहेत, पण मेल पाठवताना तेच ‘फाइल जोडली आहे’ म्हणतात.

शलाका_ह
मी भाषांतराचेच काम करते, सॉफ्टवेअरच्या. पानपिंपळ, तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि इथे तो बाजूला पडतो आहे.

लोक खरोखर काय म्हणतात ते ऐका. ‘फोटो लॅपटॉपवर घेतले.’ ‘गाणी पेन ड्राइव्हवर टाकली.’ ‘तुझ्या वहीतून उतरवून घेतले.’ या शेवटच्या वाक्यात तुमचे उत्तर आहे. उतरवून घेतले म्हणजे मूळ वही मैत्रिणीकडेच राहिली, याबद्दल कोणत्याही मराठी माणसाला शंका येत नाही. म्हणून कॉपीसाठी ‘उतरवून घ्या’. मूव्हसाठी ‘हलवा’. लाइटरूमच्या ॲडसाठी ‘फक्त नोंद करा’, आणि त्यातला ‘फक्त’ अजिबात गाळू नका. इम्पोर्ट हे छत्रीसारखे एकच नाव इंग्रजीत चालते, मराठीत त्याखाली सगळे कोंबण्याची गरज नाही. पानाचा मथळा ‘फाइली कुठून घ्यायच्या’ असा ठेवा. ‘संरचित करा’ काढूनच टाका, ‘ठरवा’ पुरेसे आहे.

बारनिशी
‘उतरवून घेणे’ चांगले आहे, पण तो हाताने लिहिण्याचा शब्द. उतरवताना चुका होतात, ओळ गळते. संगणकाची प्रत तंतोतंत असते. त्यासाठी दप्तरात शब्द होता, ‘अस्सलबरहुकूम नक्कल’. मूळ कागद तो अस्सल, प्रत ती नक्कल, आणि बरहुकूम म्हणजे जशीच्या तशी. भूमिअभिलेखात आजही नक्कलच मागतात, नकलेसाठी अर्ज करतात. अस्सल आणि नक्कल ही जोडी घेतली तर बाईंच्या प्रश्नाला थेट उत्तर देता येईल: ‘नक्कल संग्रहात येईल, अस्सल जागेवर राहील.’

शलाका_ह
काका, वाक्य सुंदर आहे. पण माझ्या पिढीला ‘नक्कल’ म्हणजे परीक्षेतली कॉपी नाहीतर नटाची नक्कल. आणि ‘नकली’ शेजारीच उभे आहे. संग्रहातली प्रत नकली आहे असे कुणाला वाटले तर?

‘बरहुकूम’ मात्र मला हवा आहे, सिंकसाठी. ‘मुळाबरहुकूम करा’ म्हटले की मुळात जे नाही ते इकडेही उरणार नाही, हे सुचवले जाते. ‘समक्रमण’ म्हटल्यावर फाइली पुसल्या जातील अशी भीती कुणालाच वाटत नाही, आणि तिथेच घात होतो.

पानपिंपळ
बारनिशीकाका, शलाकाताई, दोघांचेही उपयोगी पडेल. आवक क्रमांकाबद्दल थोडे सांगतो. पेपरलेसमध्ये कागदासाठी एक संग्रह-अनुक्रमांक देता येतो, पण तो कधी आला यासाठी नसतो. मूळ कागद कपाटातल्या कोणत्या जागी आहे ते सापडावे म्हणून असतो. त्याला ‘आवक क्रमांक’ म्हटले तर कार्यालयात मुरलेली माणसे तारीखवार क्रम शोधत बसतील. मी ‘दप्तर क्रमांक’ लिहिले आहे.

दुसरे, तीच फाइल दोन ठिकाणांहून आली तर प्रणाली चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) ताडून ती नाकारते. त्याला मी ‘दुबार’ म्हटले आहे, मतदारयादीत असतो तसा. हे कुणाला खटकते का?

आणि ‘स्टोरेज लोकेशन’ला ‘साठवणस्थान’ लिहिले आहे. ते मलाच कोरडे वाटते.

हरिपूरकर
साठवणीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे साठवणीचा शब्द म्हणजे पेव. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाशी, हळद पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, वर अरुंद तोंड, आत रुंद. तिथली माती अशी, की हळदीला ना ओल लागे ना कीड, वर्षानुवर्षे राही. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आत वायू कोंडलेला असतो, तो जाऊ द्यायचा, कंदील खाली सोडून ज्योत टिकते का पाहायची, मग माणूस उतरायचा. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवे पाण्याने गेली. नंतर माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला.

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार रोज वापरणाऱ्यांतल्या कितीजणांना पेव म्हणजे काय हे ठाऊक असते? जी माहिती क्वचित लागते पण जपायची असते, तिच्या साठ्याला ‘पेव’ म्हणावे असे मला मनापासून वाटते.

मुडीवाले
आमच्या दक्षिण कोकणात पेव नाही, इतक्या पावसात जमिनीत धान्य कुजेल. आमचा कणगा, बांबूचा विणलेला, शेणाने सारवलेला. बियाण्याचे भात ठेवायला मुडी, गवताच्या दोरांनी घट्ट बांधलेली. गोव्यातही मुडो म्हणतात. देशावर घराच्या भिंतीत बळद असे. प्रत्येक मुलखाच्या हवेप्रमाणे साठवणीचा शब्द वेगळा आहे. एकच ‘पेव’ सगळ्यांवर लादू नये. पेन ड्राइव्ह तर सरळ मुडीच वाटते मला: लहान, उचलून नेण्याजोगी, आत बियाणे.

देवनागर
कणगा, पेव, बळद, सगळे अस्सल देशी. यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कुणी मला संस्कृतचा हट्टी समजू नये. माझा आग्रह एवढाच, की आपल्याकडे असलेले आधी पाहावे. पण ‘बरहुकूम’, ‘नक्कल’, ‘दप्तर’ एकामागून एक येत आहेत. माधव जूलियनांनी फार्सी-मराठी कोश केला, मराठीत फारसी किती आहे ते दाखवले. तेवढे आहे, आणखी कशाला वाढवायचे?

मुळाक्षर
पण हे शब्द आहेतच, त्यांनी काय वाढणार? ‘विन्यास’ मात्र केशविन्यासाखेरीज मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. वाढ तर तुमच्याकडूनच होते आहे.

पानपिंपळ
आणखी एक ठिकाण अडले आहे. प्रणाली कन्झम्प्शन फोल्डरावर सतत लक्ष ठेवते, फाइल पडली की तिला लगेच कळते. पण हा फोल्डर नॅसवर असेल आणि दुसऱ्या संगणकावरून त्यात फाइल टाकली, तर ती वर्दी पोचत नाही. मग ‘पोलिंग’ चालू करावे लागते, म्हणजे ठरावीक वेळाने जाऊन पाहणे. हे चालू नसल्यामुळेच ‘फाइल टाकली पण आत आली नाही’ अशी तक्रार पुन्हा पुन्हा येते. या दोन रीतींना वेगळे शब्द हवेत.

वडोदेकर
पहिल्याला पहारा, दुसऱ्याला गस्त. पहारेकरी दारात उभा असतो, गस्तवाला फेरीने येतो. ‘दर पाच मिनिटांनी गस्त’ असे लिहिले की झाले.

शलाका_ह
वा, हे लगेच घ्या. मी माझ्या कामातही वापरणार.

देवनागर
‘गस्त’ फारसी ‘गश्त’वरून. ‘पाळत’ का नाही? पाळणे मराठीच आहे.

बारनिशी
पाळत संशयितावर ठेवतात. सभासदांनी प्रेमाने पाठवलेल्या कागदांवर पाळत कशाला? मेलच्या बाबतीत तर आणखी जपून लिहा. कागद आत घेतल्यावर तो मेल वाचलेला म्हणून दाखवायचा, दुसरीकडे हलवायचा की काढून टाकायचा, हे सेटिंगमध्ये निवडता येते ना? तिथे ‘काढून टाका’ निवडले आणि सभासदाने पुढे पत्राची तारीख विचारली, तर दाखवणार काय?

हरिपूरकर
पाळत जनावरावरही ठेवतात, त्यात संशय नसतो. शेतावर तर ‘राखण’ असते. ‘राखणीचा फोल्डर’ कसा वाटतो?

मुडीवाले
राखण आमच्याकडे देवाला देतात, गावराखणीची. फोल्डराला कोंबडा कोण देणार? माझे मत पहाऱ्याला. पण मुडीबद्दल कुणीच काही बोलले नाही.