माळ्यावर सापडलेली बाटली: प्रोस्टेट कॅन्सरवाले आणि त्यांच्या घरचे, लिहा

निवृत्त हेडक्लार्क
गणपतीआधी माळा आवरायला काढला तर ती पाण्याची बाटली हाताला लागली. सौ.नी नेलपॉलिशने मारलेली लाल रेघ अजून तशीच. २०१९ ची गोष्ट. वय ६६, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ११.४, ग्लीसन (कॅन्सर किती जहाल त्याचा आकडा) ३+४. रेडिएशनची २० सिटिंगं, शनिवार-रविवार सुट्टी. आधी लघवीला जाऊन यायचं, मग रेघेपर्यंत पाणी प्यायचं आणि रोखून बसायचं. मूत्राशय फुगलं की आतडी वर सरकतात, त्यांना शेक कमी लागतो. बाकावर आम्ही पाच-सहा म्हातारे, मांड्या आवळून. त्यात मशीन बंद पडलं की एकेकाचा चेहरा बघावा!

एकदा आदल्या रात्री वाटाण्याची उसळ हाणली होती. टेबलावर झोपवलं, स्कॅन काढला आणि तिथला पोरगा म्हणतो, "आजोबा, आत गॅस आहे. उतरा, चार चकरा मारून या." मारल्या.

मी काही फार देवदेव करणारा नाही. पण मशीन अंगाभोवती फिरायला लागलं की बोटांच्या पेरांवर जप आपोआप सुरू व्हायचा. माळ पुरी व्हायच्या आत "झालं आजोबा". उरलेला जप रिक्षात.

खारी बिस्कीट
वाटाण्याची उसळ 😂😂 आमच्याकडे राजमा.

घाटावरचा
माझं ऑपरेशन, रोबोटवालं. दहा दिवस लघवीची नळी. नळी काढली त्या दिवशी वाटलं सुटलो, आणि उठून उभा राहिलो तर पायजमा ओला. ६२ वर्षांचा माणूस, सुनेसमोर. दोन दिवस खोलीबाहेर आलो नाही.
फिजिओबाईंनी व्यायाम दिला, लघवी मध्येच रोखल्यासारखे स्नायू आवळायचे, सोडायचे. मोजणी चुकायची. मग तुळशीची माळ घेतली. एका मण्याला "विठ्ठल" म्हणत आवळायचं, पुढच्या मण्याला "विठ्ठल" म्हणत सोडायचं. घरच्यांना वाटायचं अण्णा फार भाविक झाले! दिवसाला पाच पॅडवरून एकावर यायला चार महिने लागले. पुढच्या आषाढीला आळंदीहून निघालो, पिशवीत आठ पॅड. दिवे घाट चढून गेलो तेव्हा आठही कोरडे पिशवीतच.

साळुंकी
घाटावरचे काका, डोळ्यांत पाणी आलं. कुकर लावलाय, नंतर लिहिते

खारी बिस्कीट
आमच्या ह्यांना शेकाबरोबर तीन-तीन महिन्यांची, पुरुषी हार्मोन दाबायची इंजेक्शनं होती, दोन. भर थंडीत पंखा पाचवर, घामाने बनियन भिजलेला. म्हटलं, आता कळलं का मला पन्नाशीत काय होत होतं? तेव्हा "तुझं आपलं काहीतरीच" म्हणायचे. त्या रात्री उठून पहिल्यांदा स्वतः चहा केला, दोघांना. साखर विसरले होते.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचं वाचून बरं वाटलं, पण एक लिहू का. माझ्या वडिलांची देवावर श्रद्धा होतीच, ती एका जडीबुटीवाल्यावर गेली. कापाकापी नको म्हणून आठ महिने त्याच्या पुड्या. कंबर दुखायला लागली तेव्हा हाडांत गेलेलं. देवाला दोष नाही देत. पण जप करायचा तो मशीनखाली झोपून करा, मशीनऐवजी नको.

निवृत्त हेडक्लार्क
पाटीपेन्सिल, लिहिलंत ते बरं केलंत. बाबा किती वर्षं होते?

पाटीपेन्सिल
इंजेक्शनांवर तीन. शेवटपर्यंत पेपर वाचायचे, शब्दकोडं पेनाने.

म्हापशेकार
आम्ही हिंदू, पण पप्पांचा रिपोर्ट आला तशी आई म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला (मेरीमाता) तेल घालून आली. आमच्याकडे ती लईराई देवीची बहीणच. पप्पा म्हणाले, मला विचारलंस तरी का? तर म्हणे, तुम्हाला काय विचारायचं, सायबिणीला विचारलं. आता दर सहा महिन्यांनी पीएसए. रक्त द्यायला जायच्या आदल्या दिवशी पप्पा आणि तेलाची बाटली दोघंही गायब!

कंदी पेढा
आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून परळला हॉस्पिटलात जायचो. शेजारच्या खाटेवर विदर्भातले एक दादा होते, रोज सकाळी सगळ्यांची विचारपूस. त्यांचं स्वतःचं काय ते कधी बोलले नाहीत. नंबर घ्यायचा राहिला.

साळुंकी
आले. माझ्या सासऱ्यांचं सांगायचं तर ते तपासायलाच तयार नाहीत. रात्रीत चार-पाच वेळा उठतात. "वय झालं की होतंच." कसं न्यायचं?

घाटावरचा
वयानेही प्रोस्टेट ग्रंथी वाढते, दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही. हेच सांगून न्या. आणि तुम्ही नको, त्यांच्या वयाच्या मित्राला पुढे करा. सुनेसमोर हा विषय निघत नाही. मी सांगतो ना!

साळुंकी
त्यांचे मित्र त्यांच्याहून हट्टी 😅 बरं, विचारते.

खारी बिस्कीट
हेडक्लार्क, बाटली टाकली की ठेवली?

निवृत्त हेडक्लार्क
सौ.नी धुऊन परत माळ्यावर. विचारलं तर म्हणाली, असू दे.

कंदी पेढा
घाटावरचे, पालखीच्या वेळी दिवे घाटात पाऊस असतो का हो? आईला न्यायचंय, तिचे गुडघे...