बॉल बदलण्याआधी रोलर तपासा

तुमच्या अटारी मिसाइल कमांड (1980) या आर्केड गेम मशीनवर ट्रॅकबॉल (हाताने फिरवायचा बॉल) फिरवला की पडद्यावरचा नेम आडवा छान सरकतो, उभा मात्र अडखळतो, असं तुम्ही लिहिलंय, आणि त्यावर एकांनी नवा बॉल घ्यायला सांगितलंय. कृपया एवढ्यात घेऊ नका. बॉलच खराब असता तर दोन्ही दिशांना त्रास झाला असता.

बॉल दोन रोलर आणि एका टेकूच्या बेअरिंगवर बसतो. रोलरला तो कायम त्याच जागी घासतो, म्हणून तिथे खाच पडते. रोलरवरून नख त्याच्या लांबीच्या दिशेने फिरवा. नख अडकलं तर रोलर गेला, पॉलिश करत बसू नका. मग रोलरचा दांडा बोटाने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग बदला, आणि बदलायचीच तर सगळी एकदम. नव्या बेअरिंगमध्ये जाड ग्रीस असेल तर धुऊन पातळ तेलाचा एकच थेंब सोडा, नाहीतर बॉल जड फिरतो.

रोलर मोकळा फिरूनही नेम उड्या मारत असेल, तर रोलरच्या दांड्यावरच्या दातेरी चकतीजवळचे, तिचं फिरणं टिपणारे सेन्सर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरीही तेच? मशीन बंद करून दोन्ही सेन्सरच्या वायरी आपसात बदला. दोष आडव्या दिशेला गेला तर सेन्सर किंवा त्याची वायर, उभ्यातच राहिला तर मुख्य बोर्ड बघावा लागेल.