गणितात एमएस्सी / पीएचडी करताना पगारी काम केलंय? अनुभव लिहा

निळीशाई
जुनी हार्ड डिस्क रिकामी करत होते. ‘नोट्स_फायनल_खरंचफायनल.टेक्स’ अशी एक फाईल सापडली आणि काम राहिलं बाजूला, वाचतच बसले. एमएस्सीला असताना एका सरांच्या हस्तलिखित नोट्स लाटेकमध्ये (गणित छापायची संगणक-प्रणाली) उतरवायचं काम मिळालं होतं. पानामागे पैसे. टायपिंगच तर आहे, असं वाटलं होतं. पण सरांच्या अक्षरात झीटा आणि क्साय ही ग्रीक अक्षरं म्हणजे जुळे भाऊ! कुठल्या ओळीत कोण, हे ठरवायला अख्खी सिद्धता समजून घ्यावी लागायची. हान-बनाख प्रमेय परीक्षेला पाठ केलं होतं. झॉर्नचा लेमा (सिद्धतेत वापरायचं एक साहाय्यक विधान) त्यात नेमका कुठे लागतो, ते टाईप करताना कळलं. एके ठिकाणी सरांनी ‘हे उघड आहे’ लिहून पुढे उडी मारली होती. मी विचारलं, कसं उघड आहे? दोन दिवसांनी अर्धं पान जास्तीचं आलं. त्याचेही पैसे मिळाले :)
तर शिकता शिकता कमावलेल्यांनी लिहा. किती मिळाले ते नको, हाताने नेमकं काय केलं ते सांगा.

खडूफळा
पानामागे पैसे म्हणजे सगळी समीकरणं वेगळ्या ओळीवर, मधोमध टाकली असणार :D

निळीशाई
अहो, हळू बोला ना!

मधलीसुट्टी
पेपर तपासायचे. बीएस्सीच्या मुलांचे गृहपाठ, तासावर पैसे, आणि आठवड्याचे तास ठरलेले. एकाच मुलाचा अख्खा गठ्ठा सलग तपासायचा नाही, आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. नाहीतर पहिल्या पोराला अर्ध्या मार्कासाठी झोडपता आणि रात्री उशिराच्याला उदार होऊन सोडता. चुकीच्या सिद्धतेत नेमकी कुठली ओळ फसली ते शोधायची सवय लागली. आता ऑफिसात दुसऱ्यांचे कोड तपासते, तीच सवय चालते. बाळ उठलं, उरलेलं नंतर.

कासवचाल
विमा कंपनीत उन्हाळी इंटर्नशिप. ॲक्चुअरीचे (विम्याच्या जोखमीचं गणित मांडणारा) पहिले पेपर देत होतो म्हणून घेतलं. मार्टिंगेल वगैरे संभाव्यतेच्या जड कल्पना डोक्यात घेऊन गेलो, हातात आली एक्सेल शीट. दोन याद्या जुळवायच्या होत्या, आणि एका यादीतले सगळे विमाधारक दुसरीपेक्षा चार वर्षांनी म्हातारे! लोक म्हणाले, डेटा भरणाऱ्याने घोळ घातलाय, परत मागवा. पण सगळ्यांचा फरक अगदी सारखा कसा असेल? वजाबाकी केली, प्रत्येक ओळीत १४६२ दिवस. म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस. एक फाईल जुन्या मॅकवर बनलेली, तिथे एक्सेलचं कॅलेंडर १९०४ पासून मोजायचं, विंडोजवर १९०० पासून. तारखा एकीतून दुसरीत चिकटवल्या की सरकतात. १९०० ते १९०३ चे खरे दिवस १४६०. वरचे दोन का, तर एक मोजणी एकपासून आणि दुसरी शून्यापासून सुरू होते, शिवाय एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं. ते लीप नव्हतं. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्राममधला घोटाळा जुळवून घ्यायला मुद्दाम तसाच ठेवलाय. सगळ्या ओळींत १४६२ मिळवले, काम झालं. इंटर्नशिपमधलं माझं सर्वोच्च गणित: एक बेरीज.

रिकामा_संच
तरी अचूक शोधलंत. आमच्याकडे असतं तर डेटा खरंच परत मागवला असता.

पेनटोपण
हार्ड डिस्क चालू कशी झाली? माझी नुसती टकटक करते.

खडूफळा
@पेनटोपण टकटक येत असेल तर पुन्हापुन्हा चालू करू नका, आतलं हेड घासू शकतं. आहे तशी तज्ज्ञाकडे द्या.

उंबरठा
संख्याशास्त्राच्या सल्ला केंद्रात काम केलं. दुसऱ्या विभागांतले पीएचडीवाले डेटा घेऊन यायचे. ठरलेलं वाक्य: ‘पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आणून द्या ना.’ (पी-व्हॅल्यू म्हणजे खरा परिणाम नसतानाही निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता.) अहो, ती काय पंख्याची गती आहे? एकीने प्रत्येक उंदराची चार मोजमापं चार वेगळे उंदीर म्हणून धरली होती. तिला समजावलं तर म्हणे, मग माझे उंदीर कमी पडतील! सूत्रं येत होतीच, पण ‘प्रयोग नक्की कसा केला’ हे न दुखावता विचारायला मात्र तिथेच शिकलो. पैसे दर वेळी उशिराने.

रिकामा_संच
आमचे गाईड म्हणायचे, नोकरी करणारा शुद्ध गणित करूच शकत नाही.

कासवचाल
@रिकामा_संच शुद्ध गणिताचं नाही सांगता येणार, पण संख्याशास्त्रातली टी-टेस्ट आली बिअरच्या कारखान्यातून. विल्यम गॉसेट गिनेसमध्ये नोकरीला होता. थोडक्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा, हा रोजचा कामाचाच प्रश्न. १९०८ चा तो पेपर छापला ‘स्टुडंट’ नावाने, कारण कंपनी नोकरांना त्यांच्या नावाने छापू देत नव्हती.

मधलीसुट्टी
म्हणजे टोपणनावाने लिहिणारा आपल्यातलाच! (बाळ परत झोपलं.) एक गंभीर सांगते. शिष्यवृत्ती असेल तर तिच्या अटी आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी बाहेरचं पगारी काम चालत नाही, किंवा लेखी परवानगी लागते. माझ्या मैत्रिणीला हे काम सुरू केल्यावर कळलं, फार मनस्ताप झाला.

उंबरठा
+१. आणि कंपनीचा डेटा प्रबंधात वापरायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात लेखी घ्या. शेवटी विचारलं की ‘गोपनीय आहे’ म्हणतात, आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण लटकतं.

अनंत_शेपूट
वाचतोय. मी सध्या एमएस्सी दुसऱ्या वर्षाला, टोपोलॉजी (आकार ताणले-वाकवले तरी काय टिकतं, त्याचं गणित) आवडते, कोडिंग शून्य. मला कोण घेणार?

खडूफळा
सोन्या, मॅट्रिक्स समजतात ना? मग पायथन महिनाभरात कामापुरतं येतं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, त्याहून लवकर, तिथे सगळे संच आणि जोड्याच आहेत. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ का, असं संगणकाला विचार. ‘नाही’ म्हणेल. का म्हणतो ते समजलं की अर्ध्या मुलाखतीला विषय मिळाला.

निळीशाई
आणि कोड येईपर्यंत पाठ्यपुस्तकांची उत्तरं तपासायचं काम बघ. प्रकाशकांना मागच्या पानांवरची उत्तरं पडताळणारं कोणीतरी लागतंच. टोपोलॉजीवाले संशयी असतात, चालेल.

अनंत_शेपूट
धन्यवाद ताई! अर्जात काय लिहू पण? ‘सिद्धता करता येतात’?

कासवचाल
ते नको. एखादं अवघड प्रमेय गणित न शिकलेल्याला समजेल असं दोन पानांत लिही आणि सोबत जोड. आमच्या साहेबांनी माझं तेवढंच वाचलं होतं, मार्कशीटकडे बघितलंही नाही.