सर्किट बेंच आलं, आता आयुक्तालय कशाला म्हणणाऱ्यांना

गडहिंग्लजकर:
काल इथं एकानं लिहिलं, "कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळालं, आता विभागीय आयुक्तालय मागणं ही नुसती हौस. पुणं काय लांब आहे?" लांब आहे. वारस नोंदीच्या वादात माझे वडील प्रांत, अपर जिल्हाधिकारी करत पुण्याच्या आयुक्तालयापर्यंत गेले. रात्रीची एसटी, पहाटे स्वारगेट, आणि समोरच्या वकिलानं मुदत मागितली की परत. असे ३ हेलपाटे, १८ गुंठ्यांसाठी. १८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांची हायकोर्टाची कामं कोल्हापुरात चालतात. पोलीस परिक्षेत्र कोल्हापूरचं, त्यात पुणे ग्रामीणसुद्धा येतं. मग सातबाऱ्याच्या भांडणालाच पुणं का?

मंगळवार पेठ:
सावंतवाडीचा माणूस आयुक्तालयासाठी नवी मुंबईत, बेलापूरला कोकण भवनात जातो, त्यानं काय म्हणायचं? मराठवाड्यात दुसरं आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यातच वर्षं गेली. इथं सांगली, सोलापूर गप्प बसतील? त्यापेक्षा कोल्हापूरची हद्दवाढ करा, भोवतीची गावं शहरात घ्या. १९७२ ला महापालिका झाली, हद्द तेवढीच. उचगाव-पाचगावला महापालिकेची केएमटी बस पाहिजे, घरफाळा नको.

पाचगावकर:
केएमटीत तिकीट काढून बसतो आम्ही. आमच्या गल्लीतल्या गटारीचा ठराव मी ग्रामसभेत उभा राहून करून घेतला. शहरात गेलो की सरपंच गेला, झेडपीचं मत गेलं, रोजगार हमी गेली. २०१७ ला हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं विकास प्राधिकरण दिलं. मग परत तोच विषय कशाला?

मंगळवार पेठ:
६६.८२ चौरस किलोमीटरात शहरानं किती कोंबून घ्यायचं? पोरांची शाळा शहरात, सीपीआर दवाखाना शहरात, बाजार शहरात. खर्च मात्र आम्ही एकट्यानं सोसायचा!

पाचगावकर:
आणि तुमच्या दारात सकाळी दूध कुठनं येतं? आमची शेतं बिल्डरला पाहिजेत, हे सरळ बोला की.

मंगळवार पेठ:
बिल्डर तुमच्याकडं कधीच पोचलेत. निम्म्या शेतात प्लॉट पडलेत, ते बघा आधी.

पाचगावकर:
पडलेत, खरं आहे. पण ते आम्ही बघू.

निवृत्त अव्वल कारकून:
गडहिंग्लजकर, विषय तुमचा होता म्हणून सांगतो. ३१ वर्षं महसुलात काढली. नवा विभाग म्हणजे उपायुक्तांपासून शिपायापर्यंत पदं, इमारत, दप्तराची वाटणी. त्यापेक्षा अपर आयुक्तांनी महिन्यातनं ४ दिवस कोल्हापुरात बसून सुनावण्या घ्याव्यात. तुमच्या वडिलांचं काम त्यातच भागलं असतं.

गडहिंग्लजकर:
काका, तुम्ही म्हणताय म्हणून ऐकतो. दर महिन्याला ठरल्या तारखेला बसणार असतील, तर माझं भांडण नाही. २ महिने बसून बंद पडणार असेल, तर मला आयुक्तालयच पाहिजे.